पोकळ फरशी

मिस्त्रीची सगळी हयात गुडघ्यांवर गेली. लोकांच्या घरांत फरश्या बसवायच्या आणि काम झालं की हातोडीच्या दांड्याने एकेक ठोकून कान लावायचा. भरीव वाजली तर ठीक, पोकळ वाजली तर उखडून पुन्हा. शेवटी कमरेनेच संप पुकारला आणि मणक्याचं ऑपरेशन करावं लागलं.

घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं, "वाकायचं नाही, कमरेत पिळायचं नाही, जड उचलायचं नाही. चालायचं मात्र रोज, थोडं थोडं." बायकोने शब्द न् शब्द मनात पक्का केला. डबे, टॉवेल, चपलासुद्धा कमरेच्या उंचीवर आल्या. फक्त हत्यारांची पिशवी तिने पलंगाखाली पार सारली. उंचावर ठेवली असती तर या बहाद्दराने हात वर करून काढली असती ना!

तसं झकास चाललं होतं. अख्खं अंग कुशीवर वळवायचं, हाताचा रेटा देऊन उठायचं, काठी घ्यायची आणि स्वयंपाकघरापासून दारापर्यंत फेऱ्या मारायच्या. पायात उतरणारी ती मेली कळ गेली होती. मिस्त्री चक्क शीळ घालायचा. जन्मात पहिल्यांदा त्याने आपल्या घराचं छत नीट पाहिलं, आणि ते त्याला आवडलंही.

पण वाटेत ती फरशी होती! उरल्यासुरल्या मालातून त्यानेच घाईत बसवलेली. काठी टेकली की ठक्क. जाताना ठक्क, येताना ठक्क. त्यात रविवारी कामावरची मंडळी भेटायला येणार. मिस्त्रीच्या घरात पोकळ फरशी! जन्मभर चिडवतील.

"कुणाला तरी बोलावून बसवून घेऊ," तो म्हणाला.

"राहू दे तशीच," बायको म्हणाली आणि आतल्या खोलीत शर्टांना बटणं लावायला गेली.

राहू दे काय! मिस्त्रीने कुशीवर पडल्या पडल्या काठीच्या मुठीने पलंगाखालची पिशवी ओढली, मग उठून आवाज न करता ती फरशीपर्यंत रेटत नेली. खुर्चीला धरून तो उभा राहिला. पाठ ताठ ठेवून नुसतं एका गुडघ्यावर बसलं, तर ते वाकणं थोडंच झालं? स्वतःची अशी समजूत घालून तो अर्धा खाली गेला, आणि पाठीत अशी काही चमक निघाली की त्याला दरदरून घाम फुटला. खाली जाता येईना, वर येता येईना.

"अहो!"

बायको दारात होती, सुई अजून बोटांत. तिने धावत येऊन खांदा दिला, हळूहळू त्याला सरळ केलं, पलंगावर कुशीवर निजवलं. चमक ओसरली. मग मात्र तिने तोंडाचा पट्टा सोडला. ती श्वास घ्यायला थांबली, तेव्हा कुठे मिस्त्रीने विचारलं,

"पण तुला कळलं कसं गं? मी तर जराही आवाज केला नाही."

"तेच तर! ठक्क वाजायचं थांबलं." तिने त्याच्या अंगावर चादर ओढली. "तुम्ही दवाखान्यात होता, तेव्हा हे घर खायला उठायचं मला. आता हात बटणांत असतात, पण कान त्या फरशीवर. ती वाजली की वाटतं, आहे, माझा माणूस पायांवर उभा आहे. अन् तुम्ही तीच उखडायला निघालात!"

मिस्त्रीने तिच्या बोटांतली सुई हळूच काढून घेतली आणि हात धरून ठेवला.

डॉक्टरांना फोन झाला. त्यांनी यथेच्छ झापलं, दोन दिवस जास्त आराम सांगितला. नुकसान काही झालं नव्हतं.

रविवारी मंडळी आली. पहिल्याच गड्याचा पाय पडला, ठक्क! "मिस्त्री, ही पोकळ आहे की हो! आणू का थापी?"

"हात तर लावून बघ," मिस्त्री म्हणाला, "तंगडी मोडीन!"

सगळे खो खो हसले. ते गेल्यावर मिस्त्रीने काठी घेतली आणि फेरी सुरू केली. त्या फरशीपाशी आल्यावर काठी जरा जोरातच आपटली.

"ऐकलं हो, ऐकलं," आतून बायको म्हणाली.