शेवटच्या शब्दाला रंग

मित्रांनो, तुमच्या अंगावर एखादा तीळ असेल, फार तर जन्मखूण असेल. माझ्या अंगावर अख्खे वीस शब्द आहेत! मी फळी आहे, कापराच्या लाकडाची. वय विचारू नका, पण जवळ येऊन वास घ्या. अजूनही नाकात झिणझिण्या येतील!

फान कुळाच्या दालनात, पूर्वजांच्या नावांसमोर मी टांगलेली असते. माझे वीस शब्द म्हणजे एक छोटीशी चिनी कविता आहे. ती नुसती म्हणायची नसते, एकेक शब्द करत जगायची असते. एका पिढीतल्या सगळ्या मुलग्यांच्या नावात एक शब्द, त्यांच्या मुलग्यांच्या नावात पुढचा शब्द. त्यामुळे दोन फान जगाच्या पाठीवर कुठेही भेटले, तरी नाव ऐकताच कळतं की कोणाची पिढी वरची आणि कोणी कोणासमोर वाकायचं. एखाद्या पिढीतलं पहिलं बाळ महिन्याचं झालं की मेजवानी होते, लाल रंगवलेली अंडी वाटतात आणि माझ्यावरच्या त्या शब्दाच्या खाचेत शेंदरी रंग भरतात. तोवर तो शब्द नुसता कोरलेला, कोरडा.

मला कोरणारा कारागीर प्रत्येक कोरड्या शब्दावर फुंकर मारून भुसा उडवायचा आणि म्हणायचा, "थांब हं. तुझं लेकरू अजून यायचंय."

मी थांबले. थांबायला मला छान जमतं!

'छंग' या शब्दात रंग भरला तेव्हा पाळण्यात छंगफू होता. तोच आज छंगफूबाबा आहे, तोंडात दात नाहीत आणि आवाज मात्र नगाऱ्यासारखा. छंगच्या पुढे तीनच शब्द उरले होते. दे म्हणजे सद्गुण, शिन म्हणजे विश्वास, मिंग म्हणजे उजेड.

'दे'ची पाळी आली त्या वर्षी सगळ्या देशाला भलतीच घाई झाली होती. अंगणाअंगणात भट्ट्या पेटल्या आणि लोखंड वितळवायला घरातल्या कढयासुद्धा गेल्या. मुलांची नावंही घाईचीच ठेवली, युएजिन, म्हणजे लांब उडी. आमच्या एवढ्याशा गावात चार युएजिन जन्मले! मोठा युएजिन, काळा युएजिन, विहिरीजवळचा युएजिन आणि रडका युएजिन. 'दे' कोणाला आठवलासुद्धा नाही. उडीनंतर आली उपासमार, आणि काही वर्षांनी जुनं ते सगळं मोडायची लाट आली. तेव्हा तरुण छंगफूने मला गुपचूप खाली उतरवलं आणि तांदळाच्या कोठीवर पालथं घातलं. कापराच्या वासाने किडे पळतात ना, म्हणून कोणाला संशय आला नाही. कित्येक वर्षं माझे वीसही शब्द तांदळाकडे बघत होते. तांदूळ नसले की कोठीच्या तळाकडे.

पुन्हा भिंतीवर आले तेव्हा काळ बदलला होता. 'शिन'च्या पिढीत सरकारी नियमाने घरात एकच मूल, आणि नावही आमच्या लिपीतल्या एकाच अक्षराचं, माझ्या शब्दाला त्यात जागाच नाही. रडक्या युएजिनचा एकुलता एक मुलगा नुसता वेई. वेई मोठा होऊन शहरातल्या कारखान्यात गेला. त्याच्या वयाच्या सगळ्यांना लोक 'ऐंशीनंतरचे' म्हणू लागले. मग आले 'नव्वदनंतरचे', 'दोन हजारनंतरचे'. पिढ्यांना नाव द्यायचं माझं काम आता कॅलेंडर करायला लागलं! माझ्याकडे बघायचं ते फक्त जाळी काढायला.

मध्येच एक गंमत झाली. छंगफूबाबांच्या एका दूरच्या, पुष्कळ लहान चुलतभावाच्या स्वतःच्या नावात शब्द नव्हता, पण त्याला जुन्याची हौस होती. त्याने आपल्या मुलाचं नाव ठेवलं देबाओ. किती वर्षांनी 'दे' लाल झाला! हा देबाओ आता सात वर्षांचा आहे. पण पिढीने तो रडक्या युएजिनचा भाऊ लागतो, म्हणून वेईची चौदा वर्षांची मुलगी झिहान त्याला 'छोटे आजोबा' म्हणते आणि नमस्कारही करते. करताना हसू दाबते ती गोष्ट वेगळी.

आता खरी हकिकत. या वसंतात वेईला दुसरी मुलगी झाली. ती महिन्याची झाली त्या दिवशी अख्खं कूळ दालनात जमलं. लाल अंड्यांच्या टोपल्या आल्या, चिकट भाताचे लाडू आले. तेवढ्यात छंगफूबाबांनी काठी आपटली.

"फळी उतरवू या. शेवटच्या शब्दाची पिढीही जन्मली, कविता संपली. शहरातल्या गुरुजींकडून नवे वीस शब्द आणलेत, ते टांगू."

माझ्या तर सगळ्या शिरा आखडल्या! पण उंबऱ्यातून झिहान ओरडली, "पणजोबा, संपली कुठे? शिन कोरडा, मिंग कोरडा! माझ्या बहिणीला मिंग द्या ना."

"मुलींना शब्द नसतो. त्या लग्न करून दुसऱ्याच्या दालनात जातात."

"मी कुठेच नाही जाणार. मी इथेच आडवी पडून राहणार!"

सगळे हसले; धावपळ सोडून 'आडवं पडणं' ही हल्लीच्या पोरांची टूमच आहे. तिचा आजोबा, तो रडका युएजिन, मान हलवत म्हणाला, "बघा ही हल्लीची पिढी. बसल्या जागी दमते."

"आणि तुम्ही हो, आजोबा? नाव लांब उडी, आणि भाताच्या बांधापलीकडे गेला नाहीत!"

"उडी मारायला पोटात काहीतरी लागतं, पोरी."

झिहानने मान खाली घातली. मग हळूच म्हणाली, "आजोबा, आमच्या वर्गात पाच झिहान आहेत. बाईंनी हाक मारली की पाचही जणी उठतो. म्हणून वाटलं, छोटीला तरी असं नाव मिळावं, जे तिचीच वाट बघतंय."

युएजिनने तिच्याकडे पहिल्यांदाच बघितल्यासारखं बघितलं. "आम्ही चार होतो," तो म्हणाला. "मी रडका."

"का रडायचात?"

"भूक लागायची."

मग तो उठला आणि छंगफूबाबांकडे वळला. "काका, द्या पोरीला शब्द. आमच्या वेळी..."

"तू बोलू नकोस!" काठी पुन्हा आपटली. "ज्याच्या नावात फळीचा शब्द नाही, त्याने फळीबद्दल तोंड उघडायचं नाही. हा कुळाचा नियम आहे."

मित्रांनो, मग जे झालं ते मी वरून स्पष्ट पाहिलं. सगळे पुरुष एकमेकांकडे बघू लागले. चारही युएजिनांच्या नावात शब्द नाही, वेईच्याही नाही. नियम जुना होता आणि खरा होता, पण त्याने सगळ्या दालनाला कुलूप लागलं. बाबांच्या बरोबरीचे शब्दवाले केव्हाच गेले होते, बोलायला उरले एकटे छंगफूबाबा.

"मी बोलू का?" टोपलीमागून आवाज आला. लाल झालेल्या बोटांनी देबाओ अंडं सोलत होता. "माझ्या नावात आहे शब्द."

"बोला, छोटे आजोबा," झिहान म्हणाली. आणि ती खरंच वाकली. या वेळी हसली नाही.

देबाओने छंगफूबाबांकडे बघितलं. "काका, तुम्ही खूप म्हातारे आहात. तुम्ही गेलात की इथे बोलणारा मी एकटाच. मग मी बोलायचं कोणाशी?"

छंगफूबाबांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. मला कोठीवर पालथं घालताना त्यांनी असंच बघितलं होतं, कडेकडेने, एकेक शब्द मोजल्यासारखं.

"आणा त्या बाळाला," ते म्हणाले. "मिंग. आणि दुसरा शब्द?"

"शिया. सकाळची लाली," बाळाची आई पटकन म्हणाली.

"कधी ठरवलंस?"

"ती झाली त्याच दिवशी. कोणी विचारलंच नाही."

"तुलाही लावायचा का शब्द?" बाबांनी झिहानला विचारलं.

"नको. माझ्या चार झिहान काय म्हणतील!"

रंगाच्या वाटीत शेंदूर सुकून बसला होता. झिहानने त्यात तेल घातलं आणि घोटलं. बाबांनी कुंचला उचलला आणि तिने त्यांचं मनगट धरलं. माझ्या कोपऱ्यातल्या त्या खाचेत गार, ओला रंग उतरला. फान मिंगशिया तेव्हा गाढ झोपली होती.

तेव्हा मित्रांनो, माझं एकच मागणं आहे. मोठी माणसं तुमच्या पिढीला नावं ठेवतील, तुम्हीही त्यांच्या पिढीला ठेवाल. पण ठेवण्याआधी एकदा विचारा, "तुमच्या वर्गात तुमच्या नावाचे किती जण होते? आणि का?" उत्तर ऐकेपर्यंत जागचे हलू नका. आणि घरात एखादी जुनी फळी असेल, तर उलटी करून बघा.

माझा 'शिन' अजून कोरडाच आहे. वेईच्या पिढीचे सगळे मोठे झाले, आता त्याची वाट कोण बघणार, असं वाटलं होतं. पण देबाओला मुलं होतील तेव्हा ती त्याच पिढीची असतील. मुलगा असो की मुलगी, शब्द तयार आहे. सध्या देबाओचे पुढचे दोन दात पडलेत. मी थांबते.