बॅगपाइपवाल्याचे वारस

शहराच्या संग्रहालयाच्या प्रमुख बाईंना बंद पडलेल्या कापडगिरणीच्या अडगळीत एक जुना फोटो सापडला. गिरणीच्या फाटकासमोर डोळ्यांवर टोपी उतरलेला एक माणूस काखेत पिशवी दाबून, गाल फुगवून बॅगपाइप वाजवत होता. मागे नाव नव्हतं. प्रदर्शन तोंडावर आलेलं, म्हणून बाईंनी फोटो वर्तमानपत्रात छापून आणला आणि विचारलं, यांना कुणी ओळखतं का?

कुणी फिरकलं नाही. मग प्रदर्शन समितीच्या अध्यक्षांनी भाषणाच्या भरात जाहीर केलं, की या थोर कलावंताचं नाव चौकाला देऊ. झालं! हां हां म्हणता शहरात बॅगपाइपवाल्याच्या नातवंडांचं पेव फुटलं.

दातांच्या डॉक्टरांनी जबड्यावरून आजोबा ओळखले. वकिलांनी मिशीवरून. घराच्या वाटणीवरून कोर्टात भांडणारे दोघे सख्खे भाऊ वेगवेगळे आले आणि आजोबा एकट्या आपल्याच नावावर लावून मागू लागले. खुद्द अध्यक्षांनाही आठवलं, की मावशीचे सासरे काहीतरी फुंकायचे. बाई सगळ्यांना चहा पाजून पाजून दमल्या.

तेवढ्यात वर्तमानपत्राने गिरणीतल्या एका म्हाताऱ्या कामगाराला गाठलं. तो म्हणाला, फोटो संपाच्या दिवसांतला. मालकाने संपकऱ्यांची बिऱ्हाडं गिरणीच्या खोल्यांतून बाहेर फेकली, तेव्हा बायकापोरांचं रडणं रस्त्यावर ऐकू जाऊ नये म्हणून हा वाजंत्री उभा केला होता.

बातमी छापून आली आणि सगळ्यांनी कानांवर हात ठेवले. डॉक्टरांना जबडा परका वाटू लागला. वकील म्हणाले, तशा मिशा तेव्हा सगळेच ठेवायचे. दोघे भाऊ कित्येक वर्षांनी एकत्र आले आणि आजोबांना दमा होता असं एका सुरात सांगून गेले. अध्यक्षांनी फोन करून फोटो काढून टाकायला सांगितलं. मावशीचं नावही काढलं नाही.

बाई फोटो भिंतीवरून उतरवत असताना एक वयस्कर नर्स आत आल्या. निवृत्त झाल्या असल्या तरी चालण्यात वॉर्डातली घाई होती.

"हे माझे वडील," त्या म्हणाल्या.

बाईंनी जरा चाचरत विचारलं, बातमी वाचलीत ना?

"वाचली. खरी आहे. त्या रात्री आईने त्यांना जेवायला वाढलं नाही."

"मग त्यांनी वाजवणं सोडलं?"

"छे हो. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. घरात आम्ही खाणारी तोंडं होतो. आईने पुन्हा वाढलं, पण बोलली नाही. बरीच वर्षं."

इतक्या नातवंडांतून बाईंना एवढं खरं कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी फोटो पुन्हा खिळ्याला अडकवला, आणि नर्सबाईंनी सांगितलेलं नाव आणि त्या दिवसाची हकीकत, दोन्ही मोठ्या अक्षरांत लिहून खाली लावली. अध्यक्ष रागावले. उद्घाटनाला त्यांची तब्येत बिघडली, आणि त्यांच्यासोबत निम्म्या समितीचीही.

नर्सबाई मात्र आल्या. रिकाम्या खुर्च्यांमधून वाट काढत फोटोसमोर जाऊन उभ्या राहिल्या. बराच वेळ बघत होत्या.

"टोपी गिरणीची होती," त्या बाईंना म्हणाल्या. "मोठी व्हायची त्यांना. सारखी डोळ्यांवर यायची."