थोरला का थांबायचा

थोरल्याची चाल तिसऱ्यांदा नापास झाली तेव्हा माझ्या डोक्यात तिडीक गेली. थोरला म्हणजे पन्नास वर्षांपूर्वीच्या कार्टून मालिकेतला वीस मजली यंत्रमानव. हाताने काढलेली ती मालिका आता आमच्या स्टुडिओत संगणकावर नव्याने होत होती आणि थोरल्याला चालवायचं काम माझ्याकडे होतं. अकरा वर्षं मी हेच करते आहे. घोडे चालवले, डायनासोर चालवले, एकदा तर फ्रीजसुद्धा चालवला. हा लोखंडी बाबा मात्र मला दाद देत नव्हता.

पहिली चाल मी अगदी गुळगुळीत केली होती. जुन्या मालिकेवर वाढलेल्या दहा जणांना बोलावून ती दाखवली, तर दहाही जण म्हणाले, हा तो नव्हे. का नव्हे, ते एकालाही सांगता येईना. मग मी जुने भाग एकेक फ्रेम सरकवत पाहिले आणि सापडलं. डावा पाय टेकवायच्या आधी थोरला थांबतो. सेकंदाचा तिसरा हिस्सा, बस. उजव्या पायाला कधीच नाही. तो थांबा मी जसाच्या तसा माझ्या चालीत टाकला. दिग्दर्शकांनी पाहिलं आणि विचारलं, "हँग झालाय का?" मग थांबा अर्ध्यावर आणला, तर म्हणाले, आता त्याला उचकी लागली आहे. शुक्रवारपर्यंत जमलं नाही तर थोरला दुसऱ्या टीमकडे जाईल, हेही त्यांनी फार गोड आवाजात सांगितलं.

तो थांबतो का, हे कळल्याशिवाय जमणार नव्हतं. मी ज्याला त्याला विचारत सुटले. प्रकाशयोजना करणारा म्हणाला, वजनामुळे. मग उजव्या पायावर वजन पडत नाही का? रिसेप्शनवरची म्हणाली, गुडघा धरला असेल, माझ्या सासऱ्यांचं तसंच होतं. नवरा म्हणाला, कोणाची तरी चूक असेल, तू कशाला जीव काढतेस. मला ते पटेना. एखादी चूक पन्नास वर्षं जिवापाड जपायला लोक काही वेडे नाहीत.

तळमजल्यावरच्या गोदामात जुन्या मालिकेची खोकी होती. दोन दिवस धूळ खाल्ल्यावर पहिल्या भागाचा कॅमेऱ्याचा तक्ता हाती लागला. त्या काळी पारदर्शक शीटवर चित्रं काढायचे, शीट एकावर एक ठेवायचे आणि फोटो घ्यायचे. कुठल्या फ्रेमला कुठली शीट, ते तक्त्यात लिहिलेलं असायचं. थांब्याच्या जागी 'अंग' आणि 'पाय' यांच्या शेजारी आणखी एक रकाना होता, 'डोळे'. फिकट पेन्सिलीने भरलेला, जेमतेम दिसेल असा. पण पडद्यावर तर त्या वेळी थोरल्याचे डोळे हलतच नाहीत. तक्त्याच्या कोपऱ्यात चित्रं काढणारीचं टोपणनाव होतं, पेन्सिलबाई. आमच्या सगळ्यात जुन्या रंगाऱ्याने तिचा पत्ता दिला आणि गुरुवारी सकाळी मी लॅपटॉप घेऊन तिच्या दारात उभी राहिले.

बाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. टेबलावर अर्धवट सुटलेलं शब्दकोडं, शेजारी तीन चष्मे. तक्त्यावरून त्यांनी बोट फिरवलं आणि 'डोळे' या रकान्यावर ते थांबलं.

"एवढा मोठा देह," त्या म्हणाल्या, "पाय टाकायच्या आधी खाली बघेल की नाही? पायाखाली माणसं असतात."

आणि डावाच पाय का, तर पहिल्या भागात तो समुद्रकाठाने चालतो. उजवीकडे पाणी, डावीकडे रस्ता. ती चाल एकदाच काढली होती. पुढचे साडेचारशे भाग मागची पार्श्वभूमी बदलून तीच चित्रं वापरली, म्हणून वाळवंटातसुद्धा तो डाव्यालाच थांबायचा. पण कॅमेरावाल्याला तो फिकट रकाना दिसलाच नाही. डोळ्यांची शीट चढली नाही आणि उरला नुसता थांबा. चूक लक्षात येईपर्यंत भाग दाखवूनही झाला होता. तेव्हाच्या दिग्दर्शकांनी सगळ्यांदेखत सुनावलं, हिला चित्रं मोजता येत नाहीत, कमी पडली म्हणून ताणून नेली. बाईंना ढग रंगवायला बसवलं. त्यांनी उलटून एक शब्द काढला नाही, कारण फिकट लिहिणारा हात त्यांचाच होता.

"नऊ वर्षं ढग रंगवले. आणि दर आठवड्याला माझी चूक टीव्हीवर चालत जायची."

मी त्या दहा जणांबद्दल सांगितलं, थांब्याशिवाय त्यांना थोरला थोरला वाटलाच नाही म्हणून. बाईंना वाटलं, मी त्यांना बरं वाटावं म्हणून बोलते आहे. मला त्यांचा रागच आला, आणि त्या जुन्या दिग्दर्शकाचा तर फारच. मग बोलत बसण्यापेक्षा तिथेच, शब्दकोडं बाजूला सारून, मी थोरल्याचे डोळे खाली वळवले. बाईंनी ते तीनदा पाहिलं.

"डोळे आधी. मग मान, जराशीच. मग पाय. आणि दोन फ्रेम वाढव. त्याला कोणीतरी दिसलंय."

मी दोन फ्रेम वाढवल्या. आता तो अडकला नव्हता. पायाखालच्या कुणालातरी तो जपत होता.

शुक्रवारी ते दहा जण पुन्हा आले. चाल सुरू झाली, थोरला थांबला, त्याने खाली पाहिलं, पाय टेकवला. एक टक्कल पडलेले गृहस्थ रुमाल शोधत म्हणाले, हाच तो. दिग्दर्शकांनी चाल पास केली आणि कसं जमवलंस म्हणून विचारलं. मी सगळ्यांदेखत सगळं सांगितलं, ढगांसकट.

मग बाईंना फोन लावून चाल पास झाल्याचं सांगितलं. पलीकडे एवढी शांतता पसरली की मला वाटलं, त्या रडताहेत. समजूत काढायला मी चार वाक्यं जुळवून ठेवली.

"बरं," त्या म्हणाल्या, "मग त्याला पळवायचं कधी? उद्या किती वाजता येऊ?"

नऊला या म्हणाले. फोन ठेवला आणि कोणालाही न विचारता माझ्या टेबलाशी दुसरी खुर्ची ओढून आणली.