दम खायचा कट्टा

आमचं घर पायऱ्यांच्या रस्त्याच्या अगदी टोकाला होतं. गाडी सोडाच, सायकलही तिथवर यायची नाही. बाजारातून वर यायचं म्हणजे भल्याभल्यांना धाप लागते, म्हणून अर्ध्यावर एक दगडी कट्टा आहे. आमच्या शहरात महत्त्वाचं बोलणं घरात होतच नाही. भांडणं, सोयरिकी, कुणाचं काय दुखतंय, सगळं कट्ट्यावर. दम लागलेल्या माणसाला सजवून बोलायला सुचत नाही.

माझा धाकटा भाऊ लेखक आहे. शिकायला म्हणून दूरच्या सपाट शहरात गेला तो तिथेच, लिफ्टच्या घरात राहिला. पण त्याच्या प्रत्येक कादंबरीत माणसं काहीतरी चढतात, मध्येच थांबतात आणि मग खरं बोलतात. एकदा त्याने समुद्रकिनाऱ्यावरची गोष्ट लिहिली. मी म्हटलं, आता बघू कुठे चढवतोस. तर मेल्याने तिथेही दीपगृह घातलं आणि नायिकेला जिन्यात बसवलं.

गेल्या वर्षी माझ्या गुडघ्यांनी हात टेकले. मी शिवणकाम करते. गिऱ्हाइकं वर यायला कुरकुरायची आणि कापड आणायला खाली उतरायचं म्हटलं की मी उद्यावर ढकलायची. बाजाराजवळ तळमजल्यावर दोन खोल्या मिळत होत्या, पण त्यासाठी घर विकायला हवं, आणि घर आम्हा दोघांच्या नावावर. सहीचा विषय काढला की लेखकराव ऐकून न ऐकल्यासारखं करायचे. शेवटी आला, तर जेवताना म्हणतो, "ताई, हे घर गेलं तर मी लिहू कशावर?"

"कागदावर," मी म्हटलं.

त्यावर त्याने छानपैकी भाषण दिलं. बसल्या जागी त्याच्याशी बोलण्यात कोण जिंकणार?

दुसऱ्या दिवशी मी त्याला बाजारात नेलं आणि कापडाचा गठ्ठा त्याच्या खांद्यावर ठेवला. कट्ट्याशी पोहोचेपर्यंत त्याचा चेहरा लालबुंद झाला होता आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. दोघंही टेकलो. त्याने माझ्याकडे पाहिलं.

"इतकं दुखतं?"

"इतकं."

"मग फोनवर बोलली का नाहीस?"

"फोनवर मला दम लागत नाही."

तो गठ्ठ्याची गाठ चाचपत राहिला. मग म्हणाला, "मला भीती वाटते, ताई. तिकडे अर्धं आयुष्य काढलं, पण तिथलं एकही माणूस मला लिहिता आलं नाही. हे गेलं की मी संपलो."

त्याचा असा आवाज मी लहानपणानंतर ऐकला नव्हता. मला फार वाईट वाटलं. पण त्यामुळे गुडघा काही कमी दुखेना, आणि मी तसं त्याला सांगितलं. घरी गेल्यावर त्याने मुकाट्याने सही केली.

आता मी तळमजल्यावर राहते. गिऱ्हाइकं वाढली, गुडघे निवले. परवा तो पहिल्यांदाच इथे आला. दारातून सरळ आत. धाप नाही की घाम नाही.

"बरी आहेस?"

"बरी. तू?"

"मजेत."

चहा झाला. पंखा फार आवाज करतो, यावर आमचं एकमत झालं. पुन्हा चहा झाला. काय लिहितोयस, हे विचारायला माझी जीभच रेटेना. आणखी थोडा वेळ असंच बसलो असतो तर तो परतीची गाडी कितीची आहे ते बघायला लागला असता.

मी काठी घेतली. "चल, कट्ट्यापर्यंत जाऊन येऊ."

"अगं, गुडघे?"

"तू आहेस ना."

त्याचा हात धरून एकेक पायरी चढले. कट्ट्यावर टेकलो, आणि त्याची धाप खाली बसायच्या आत मी विचारलं, "लिहितोयस का?"

"नाही," तो म्हणाला. "सही केल्यापासून एक ओळसुद्धा नाही."

मी त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. मग त्याने विचारलं, "आणि तुला करमतं तिथे?"

मला हो म्हणायचं होतं. त्याच्यासाठी तरी म्हणायलाच हवं होतं. पण मलाही दम लागला होता.

"नाही रे," मी म्हटलं.