धरलेली जागा

आत्याला जाऊन वर्ष होत आलं, पण ती अजून आमच्या गाडीतून उतरलेली नाही.

दिसत वगैरे नाही. फक्त ऐकू येते. बाबा कवळ्या बनवतात. अर्धं शहर त्यांच्या दातांनी चावतं. पण सख्ख्या बहिणीची कवळी म्हणजे घरचं काम, आणि घरच्या कामाला कुठल्याच कारागिराला वेळ नसतो, त्यामुळे ती जरा सैल राहिली. एखादी गोष्ट पटली नाही की आत्या जिभेने वरची कवळी सोडायची आणि पुन्हा बसवायची. टक. गाडीत शेवटच्या रांगेत, डाव्या कोपऱ्यात बसून ती बाबांचं ड्रायव्हिंग याच भाषेत सुधारायची. वेग वाढला की टक. जोरात ब्रेक लागला की टक टक.

ती गेल्यावर पहिल्यांदाच आम्ही सगळे बाहेर पडलो होतो. बाबांनी एका ट्रकला ओव्हरटेक केलं आणि मागून आवाज आला. टक.

बाबांनी वेग कमी केला.

मेकॅनिकने सस्पेन्शन बदललं. मग सीट उपटून खालचे नट आवळले. शेवटी हात पुसत म्हणाला, "साहेब, गाडीत काही दोष नाही. तुमच्यात कोणी दात वाजवतं का?"

"वाजवायची," बाबा म्हणाले.

त्याने मजुरी घेतली नाही. पुन्हा येऊ नका, असंही म्हणाला.

तर अशी ती गाडी. तिचा तळ इतका गंजला होता की माझे जुळे भाऊ भोकातून खाली पळणारा रस्ता बघत बसायचे आणि त्यात एकमेकांच्या चपला टाकायचे. तपासणीत ती नापास झाली. आता भंगार हा एकच मार्ग होता. भंगारवाला फोनवर मोठ्या अभिमानाने म्हणाला की त्याच्याकडे नवीन मशीन आलंय, अख्ख्या गाडीचा टीव्हीएवढा ठोकळा होतो.

बाबांनी फोन ठेवला आणि जेवणावरून उठले.

"ताई गाडीत आहे की आपल्यात आहे, तेच कळत नाही," ते म्हणाले. "आपल्यात असेल तर येईल नव्या गाडीत. पण गाडीत असेल तर? आई गेल्यावर तिने मला वाढवलं. तिचा ठोकळा करू?"

आई ताट उचलत म्हणाली, "वन्संचं असंच. होत्या तोवर मध्ये होत्या, गेल्या तर मागे लागल्या."

अशा रीतीने आम्ही गाड्या बघायला निघालो. लोक मायलेज बघतात, डिकी बघतात. आम्हाला आत्या ज्या गाडीत चढेल ती गाडी हवी होती.

पहिल्या शोरूममधला मुलगा फार उत्साही होता. टाय इतका घट्ट की चेहरा थोडा सुजलेला. "सर, फॅमिलीत माणसं किती?"

"पाच," आई म्हणाली.

"सहा," बाबा म्हणाले.

टायवाल्याने आम्हाला मोजलं. पाच भरलो. "सहावे येणार आहेत का?"

"तोच प्रश्न आहे," मी म्हणाले.

त्याने माझ्या पोटाकडे बघितलं, मग आईच्या, मग घाईघाईने गाडीकडे वळला. मधल्या रांगेत दोन सुट्या, हात टेकायच्या खुर्च्या हव्यात की सलग बाक? सुट्या घेतल्या तर मधून थेट मागे जाता येतं. "मागे कोण बसणार, सर?"

"मोठी बहीण."

"मग ही बघा सर, मागच्यांसाठी वेगळा एसी. पाय ठेवायला पायरी, चढताना धरायला दांडा. गुडघ्यांचा त्रास आहे का त्यांना?"

"होता," बाबा म्हणाले.

"बरा झाला?"

"म्हटलं तर."

मग त्याने बटण दाबून सरकता दरवाजा आपोआप उघडून दाखवला. बाबांना तो आवडला नाही. आपोआप उघडणारं दार बघून ताई घाबरेल, असं त्यांचं म्हणणं. छतावरची काच नको, ऊन लागेल. आणि शेवटची रांग बटणासरशी घडी होऊन जमिनीत गडप झाली तेव्हा तर बाबांनी टायवाल्याचा हात धरला.

"आणि कोणी बसलेलं असताना दाबलं तर?"

"नाही होणार, सर. प्रत्येक सीटला सेन्सर आहे." त्याने पुढचा स्क्रीन दाखवला. त्यावर सगळ्या सीटांचं चित्र होतं. "माणूस बसलं आणि पट्टा लावला नाही, की इथे लाल टिकली येते आणि टिंग टिंग वाजतं. नुसती पर्स ठेवली तरी वाजतं, इतका बारीक आहे."

बाबांच्या चेहऱ्यावर त्या दिवशी पहिल्यांदा समाधान दिसलं.

आम्ही चाचणीची फेरी मारली. बाबांनी मुद्दाम वेग घेतला, मुद्दाम ब्रेक मारला. जुळे पुढच्या सीटवर आपटले, टायवाला देवाचं नाव घ्यायला लागला. मागून काही आवाज नाही. डाव्या कोपऱ्यात टिकली नाही. बाबा आरशात बघत राहिले, आणि लाल सिग्नल तोडला, तरीही नाही.

दुसऱ्या शोरूममध्ये तेच. तिसऱ्यात बाबांनी मागच्या सीटला मसाज लावून घेतला. कंबरेला ऊब देणारी गादी, पुस्तक वाचायला दिवा, खिडकीला पडदा. विकणारी बाई म्हणाली, "किती प्रेम आहे हो बहिणीवर," आणि बाबांना तिथेच रडू आलं. फेरी मारली. टिकली नाही. घरी येताना जुन्या गाडीत बाबा खड्ड्यात गेले आणि मागून लगेच, टक.

"बघ," बाबा म्हणाले. "गाडीतच आहे ती."

आई खिडकीबाहेर बघत होती. दुकानांच्या पाट्या वाचत असल्यासारखी. आईला त्या रस्त्यावरच्या सगळ्या पाट्या पाठ आहेत.

शेवटी गाडी घ्यावीच लागली. पहिलीच घेतली, सलग बाकाची, पायरी आणि दांड्यासकट. ती दारात उभी राहिली आणि तिच्यामागे भंगारवाल्याचा ओढणारा ट्रक. जुन्या गाडीला साखळी लागली. सगळं सामान काढून झालं होतं, पण बाबा शेवटच्या रांगेत जाऊन बसले होते. डाव्या कोपऱ्यापासून थोडं अंतर सोडून.

"साहेब, उतरता ना?" भंगारवाला म्हणाला.

"तुम्ही ओढा. मी बसतो तिच्याबरोबर."

"म्हणजे तिथवर?"

"बघू."

भंगारवाल्याने माझ्याकडे बघितलं. माणूस गाडीत बसलेला असताना ती किती जागेत मावते, हे त्याच्या मशीनला ठाऊक. मी बाबांचा दंड धरून ओढलं. ते हलले नाहीत. आणि कोपऱ्यातून, इंजिन बंद, गाडी उभी, स्वच्छ आवाज आला. टक. भंगारवाला दोन पावलं मागे सरला.

आईने हातातली चपलांची पिशवी खाली ठेवली.

आता हे सांगायला हवं. आत्या कधीही सांगितल्याशिवाय कुठे आली नाही. सकाळपासून बॅग भरून तयार असायची, साडी नेसलेली, पण आपणहून पायात चप्पल घालायची नाही. बाबा गाडीत बसून हॉर्न द्यायचे. त्यांना वाटायचं, हॉर्न म्हणजे आमंत्रण. दारात उभं राहून म्हणायचं काम आईचं. वन्सं, चला. "तुम्ही जा गं." चला ना. "माझी कशाला अडचण." तिसऱ्यांदा म्हटलं की आत्या उसासा टाकून, आपल्यावर फार मोठी जबरदस्ती झाल्यासारखी, निघायची. लग्न झाल्यापासून आई हे करत आली होती. पहिल्या शोरूममध्येच तिला कळलं होतं, आत्या का चढत नाही ते. तिथे तिला कोणी चला म्हटलंच नव्हतं. आणि आई गप्प बसली होती.

ती जुन्या गाडीच्या दाराशी गेली.

"वन्सं, चला."

टक.

"चला ना. नवी गाडी आहे. जागा भरपूर आहे."

टक.

तिसऱ्यांदा म्हणायच्या आधी आईने दाराची कड धरली. भंगारवाल्याच्या हातातली साखळी तेवढी वाजत होती. मग ती आत वाकली आणि हळू आवाजात म्हणाली, "हा माणूस मला एकटीला सांभाळायला जमत नाही. चला."

काही वाजलं नाही. बाबांनी कोपऱ्याकडे बघितलं, सीटवर हात फिरवला आणि उतरले.

"आत कोणी राहिलंय?" भंगारवाल्याने विचारलं.

"आता नाही," आई म्हणाली. गाडी गेली. आई तिच्याकडे वळून बघत नव्हती. नव्या गाडीकडे बघत होती.

आम्ही चढलो. बाबा स्टिअरिंगवर, आई शेजारी, मी आणि जुळे मध्ये. बाबांनी गाडी चालू केली. स्क्रीनवर डाव्या कोपऱ्यात लाल टिकली आली. टिंग टिंग. जुळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बाबा रडत हसले.

मग तिच्या शेजारी दुसरी टिकली आली.

"पर्स," मी म्हणाले. "तिची बॅग असेल. पर्स ठेवली तरी वाजतं, तो म्हणाला होता."

बॅगच होती, यात कोणालाच शंका नव्हती. दवाखाना असो, लग्नाचा हॉल असो, आत्या शेजारच्या खुर्चीवर बॅग ठेवायची, आणि कोणी विचारो न विचारो, सांगायची, "इथे जागा धरलीय. माझा भाऊ येतोय."

टिंग टिंग. बाबांचा चेहरा त्यांच्या कामाच्या प्लास्टरसारखा झाला. दोन्ही हात मांडीवर. ते आरशात बघत होते, आणि मला सगळ्यात भीती कशाची वाटली, तर ते घाबरलेले नव्हते. शाळा सुटल्यावर फाटकापाशी कोणी घ्यायला आलेलं दिसावं, तसे बघत होते.

"ताई," ते म्हणाले, "आत्ता..." आणि त्यांनी स्वतःचा पट्टा सोडला.

आईने त्यांचा पट्टा परत लावला. मग आपला सोडला, उतरली, मधलं दार सरकवून आमचे गुडघे ओलांडत, बाकाच्या पाठीवरून मागे गेली.

"सरका," ती म्हणाली. "बॅग मांडीवर घ्या."

ती बसली. पट्टा लावला. एक टिकली गेली.

तेव्हापासून पुढे मी बसते. आईला गाडी लागते, मागे तर फारच, तरी ती तिथेच असते, अंग थोडं उजवीकडे चोरून, शेजारी जाड माणूस बसल्यासारखी. डाव्या कोपऱ्यातली टिंग टिंग आता आम्हाला ऐकू येत नाही, सवय झाली. बाबा हळू चालवतात. सिग्नलला थांबलो की आरशात बघून म्हणतात, "ये की पुढे. किती दिवस मागे बसणार?"

"नको," आई म्हणते. "मी उठले की जागा रिकामी होते."