बंद होतंय, झालं नाही

प्रयोगशाळेच्या विजेच्या पॅनेलमधून जळका वास यायला लागला, तेव्हा मी माझ्या दिरालाच बोलावलं. तो इस्पितळाचा इलेक्ट्रिशियन आहे, मी इथले सर्व्हर सांभाळते. पॅनेल उघडून म्हणाला, "वहिनी, वायर वितळतेय. इथली लाइन पाडून वीज तोडावी लागेल."

"थांब जरा. आधी सर्व्हर बंद करते."

बॅकअपच्या बॅटऱ्या नेमक्या दुरुस्तीला गेलेल्या. वॉर्डांची लाइन वेगळी, तिथे काळजी नव्हती. पण तपासणी यंत्राने पाठवलेले रिपोर्ट अजून सर्व्हरच्या पोटात होते, डिस्कवर उतरले नव्हते. त्यात काचेच्या पेटीतल्या एका ओंजळभर बाळाचा होता. सिस्टरने सकाळी तीनदा सुई टोचली तेव्हा कुठे थेंबभर रक्त मिळालं, आणि तेही तपासणीत संपलं. आत्ता वीज गेली की रिपोर्ट गेला, आणि बाळाला पुन्हा सुई. हे मला मुळीच मंजूर नव्हतं.

नवीन काम घेणं थांबवलं. मग अ‍ॅप्लिकेशनला बंद व्हायची आज्ञा दिली. पडद्यावर आलं, 'बंद होत आहे'. आमच्या विभागाचे साहेब म्हणजे उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. त्यांनी 'बंद' एवढंच वाचलं आणि दारातून हाक दिली, "बंद झालं रे, पाड."

"हात लावू नकोस," मी ओरडले. "बंद होतंय. झालं नाही."

"वहिनी, धूर निघतोय."

"तुला धोका आहे का? खरं सांग."

"मला नाही. आग विझवायचं नळकांडं घेऊन उभा आहे. पण पॅनेल जाईल."

"जाऊ दे."

"अहो, मग जबाबदार कोण?" साहेब म्हणाले.

"मी."

रिपोर्ट मुंगीच्या चालीने उतरत होते. जबरदस्तीने बंद करायची, उरलेले रिपोर्ट फेकून देणारी आज्ञा एका ओळीची असते, ती बोटांवर आली होती. मी हात मांडीखाली दाबून बसले. साहेबांचा इतका राग आला होता की भीती वाटायला सवडच नव्हती.

शेवटी 'बंद झाले' आलं. मग डेटाबेस बंद केला, मग मशीन.

"आता पाड."

खोली अंधारली. साहेब निघून गेले. थोड्या वेळाने सिस्टर आली, हातात सुईचा ट्रे. तिचा चेहरा उतरलेला होता.

"लाइन गेली म्हणे. मग पुन्हा रक्त घ्यावं लागणार ना?"

"नाही. वायर बदलली की रिपोर्ट मिळेल."

तिने ट्रे माझ्या टेबलावर ठेवला आणि तिथेच रडायला लागली.