टपालवाल्याचा डावा बूट

मी एक जुना डावा बूट आहे. हसलात ना? हसा, सवय आहे मला. पण मित्रांनो, हसून झालं की जरा सावरून बसा, कारण मी आज रागावलेलो आहे आणि हा राग दोन वर्षं माझ्या पोटात कोंडलेला आहे. बुटाला कसला आलाय राग, असं ज्यांना वाटतं त्यांनी दोन वर्षं एखाद्या दाराखाली नाक चेपून पडून बघावं.

माझा जन्म एका छोट्या दुकानात झाला. दुकान म्हणजे रस्त्याकडेची एक लांबट खोली. पुढे काचेचं दार, दारापाशी गिऱ्हाइकासाठी स्टूल, मध्ये शिवणयंत्र आणि मागच्या भिंतीवर लोकांच्या पायांचे लाकडी साचे ओळीने टांगलेले. बूट शिवणारे एक कारागीर आणि त्यांची मुलगी, असे दोघंच तिथे काम करत. वडील तळ बसवायचे, मुलगी यंत्रावर वरचं कातडं शिवायची. दोघांत बोलणं कमीच, आणि जे व्हायचं त्यात निम्मं भांडण.

मुलीचा डावा पाय उजव्यापेक्षा दीड इंच आखूड आहे, जन्मापासूनच. वडील तिच्या डाव्या बुटात बुचाचे थर घालून उंची सारखी करत. ती शाळेत जायला लागली तेव्हा वडिलांचा हात या कामावर अजून बसला नव्हता. बूट जड व्हायचा, धप्प वाजायचा, आणि ती वर्गात शिरायच्या आधीच पोरं बाकं बडवून तिच्या चालण्याची नक्कल करायची. वडिलांनी ते एकदा व्हरांड्यात उभं राहून ऐकलं. मग त्यांनी ध्यासच घेतला, की पोरीच्या दोन्ही पावलांचा आवाज सारखा आला पाहिजे. बूच कमी करून बघितलं, मध्ये रबर घालून बघितलं, टाच तासून बघितली. बारा वर्षं लागली, पण शेवटी जमलं. त्याचं कौतुक कुणी केलं? कुणीही नाही. चांगल्या बुटाचं असंच असतं. तो चावला तरच माणसाला त्याची आठवण येते.

मुलगी अठरा वर्षांची असताना तिच्या हाती एक पुस्तक पडलं. एका टपालवाल्याची गोष्ट होती ती. त्याचाही डावा पाय दीड इंच आखूड. तो जिना चढायला लागला की एक पाऊल जड आणि एक हलकं वाजायचं, आणि त्या आवाजावरून सगळ्या चाळीला कळायचं की पत्र आलं. मुलीने ते पुस्तक अकरा वेळा वाचलं. मेण लावलेल्या दोऱ्याचा तुकडा खूण म्हणून पानांत घालून ठेवायची. आपल्यासारख्या पायाचा माणूस पुस्तकाच्या मध्यभागी उभा आहे आणि त्याची कुणी कीव करत नाही, हे तिने पहिल्यांदाच पाहिलं होतं. तोवर ती लांब झगे घालून पाय झाकायची. पुस्तक वाचल्यावर तिने झग्यांची कड चार बोटं वर घेतली.

पण एका गोष्टीवरून तिचं त्या पुस्तकाशी भांडण होतं.

"इतकी वर्षं नोकरी केली त्या माणसाने," ती यंत्र थांबवून म्हणायची, "आणि एकालाही त्याला नीट बूट शिवून द्यावासा वाटला नाही? आवाजाचं कौतुक करत बसलेत सगळे!"

"पुस्तकातला माणूस आहे तो," वडील म्हणायचे.

"म्हणून त्याचे पाय दुखत नाहीत का?"

पुस्तकाला दहा वर्षं झाली तेव्हा प्रकाशकांनी एक स्पर्धा जाहीर केली. पुस्तकातली आवडती वस्तू स्वतःच्या हाताने बनवून पाठवा. ज्याची वस्तू सगळ्यांत चांगली, त्याला लेखिकाबाईंबरोबर एक तास मिळेल. मुलीने जाहिरात वडिलांपुढे ठेवली आणि म्हणाली, "टपालवाल्याचे बूट. असे, की आवाज येणार नाही. आणि मग मी त्यांना विचारणार आहे."

वडिलांनी चष्मा वर केला. "माप कुठाय?"

"पुस्तकात पायाचं माप नाही. दीड इंच आखूड, एवढंच आहे."

"मग नाही जमायचं. पाय असल्याशिवाय मी बूट शिवत नाही. शोभेचा बूट म्हणजे लबाडी."

मित्रांनो, हे नीट लक्षात ठेवा. दुसऱ्या कुणी अंदाजाने ठोकून दिला असता. मुलीने मात्र स्टूल ओढलं, त्यावर बसली आणि आपले दोन्ही पाय पुढे केले. "हे घ्या माप."

असा मी जन्मलो, टपालवाल्याच्या नावाचा आणि पोरीच्या मापाचा. माझ्यावर आणि माझ्या उजव्या भावावर ते दोघं सात आठवडे राबले. तपकिरी कातडं, दुहेरी टाका, आणि माझ्या तळात बूच आणि रबराचे सहा पातळ थर. बाहेरून मी भावापेक्षा दीड इंच जाड दिसतो, आणि तसाच दिसायला हवा. शेवटी वडिलांनी त्यांची नेहमीची रीत पाळली. ते प्रत्येक बुटाच्या सुखतळ्याखाली, म्हणजे आत पायाखाली जो पातळ तुकडा असतो त्याच्याखाली, पेन्सिलने माप लिहितात आणि दुकानाचा शिक्का मारतात. माझ्यात त्यांनी लिहिलं: 'टपालवाले काका. डावा पाय दीड इंच आखूड. माप पोरीचं.' मग सुखतळा चिकटवून टाकला.

आता ऐका पुढचा तमाशा.

प्रकाशकांच्या कचेरीत एका लांब टेबलावर आम्हा सगळ्या वस्तूंना मांडलं होतं. परीक्षक तीन. त्यांतले चष्मेवाले साहेब तिथले कर्तेधर्ते. त्यांनी आम्हा दोघांना शेजारी उभं केलं, खिशातून पट्टी काढली, आणि माझा तळ मोजला. तळ मोजला हो! हातात घेऊन वाकवून नाही बघितला, टाका नाही बघितला.

"हे बघा," साहेब म्हणाले, "एक बूट जाड, एक बारीक. जोडीसुद्धा धड जमली नाही."

दुसऱ्या बाई जरा चाचरत म्हणाल्या, "पुस्तकात तसंच काही आहे का?"

"पुस्तकात टपालवाला आहे. मागच्या पानावरचा मजकूर वाचलाय मी."

तिसऱ्याने घड्याळ बघितलं. झालं, निकाल लागला. ज्या पुस्तकाची स्पर्धा, ते पुस्तक तिघांपैकी एकानेही उघडलं नव्हतं. पहिला क्रमांक कशाला मिळाला माहीत आहे? कुणीतरी काढलेल्या लेखिकाबाईंच्या भल्यामोठ्या चित्राला. पुस्तकात लेखिकाबाई आहेत तरी का? पण चौकट सोनेरी होती ना!

आम्हाला परत पाठवायचे कष्ट कुणी घेतले नाहीत. माझ्या नाडीला बांधलेली नावाची चिठ्ठी झाडूबरोबर गेली. उजव्या भावाच्या पोटात कात्र्या आणि डिंकाच्या नळ्या कोंबून त्याला एका टेबलावर ठेवलं. आणि मला, माझा तळ जाड म्हणून, दारात अडसर केलं. शिपाईमामांना दोष देत नाही मी. दार जड होतं, आपटायचं, त्यांना काहीतरी जाडजूड हवं होतं. पण दोन वर्षं, मित्रांनो! ज्या बुटाने आवाज बंद करायचा, त्याच्या नाकावर दिवसातून चाळीस वेळा दार आदळत होतं.

याहून वाईट गोष्ट मला फार नंतर कळली. त्या कचेरीने मुलीला एक पत्र पाठवलं होतं. 'जोडीतला डावा बूट उजव्यापेक्षा जाड झाला आहे. काम सदोष असल्यामुळे विचार करता आला नाही. वाचत राहा!' आणि खाली सही लेखिकाबाईंची.

मुलीने पत्र दोनदा वाचलं. वडील म्हणाले, "बूट तरी परत मागव." ती म्हणाली, "नको. जिने तो माणूस लिहिला, तिलाच तो सदोष वाटला. मग राहिलं काय?" तिने पुस्तक फडताळात ठेवलं, भिंतीकडे तोंड करून, म्हणजे नाव दिसायला नको. आणि पुढच्या आठवड्यात सगळ्या झग्यांच्या कडा उसवून पुन्हा खाली सोडल्या.

एका दुपारी लेखिकाबाई कचेरीत आल्या. नव्या आवृत्तीचं काहीतरी काम होतं. चष्मेवाले साहेब पुढे, बाई मागे. बाईंचा पाय मला अडखळला. "अरेरे, लागलं का?" म्हणत साहेबांनी मला पायाने सरकवलं. पण बाई वाकल्या. त्यांनी मला उचललं, उलटसुलट करून बघितलं आणि तळाला बोट लावलं.

"हा डावा आहे," त्या म्हणाल्या. "आणि दीड इंच जाड आहे."

"सदोष माल आहे बाई, जुना. शिपायाने ठेवलाय."

"हा माझ्या टपालवाल्याचा बूट आहे. कुणी पाठवला?"

कुणाला आठवेना. बाईंनी मग कात्र्यांनी भरलेला माझा भाऊ शोधून रिकामा केला. आणि खुर्चीत बसून, नखाने, माझा सुखतळा उचकटला. आयुष्यात पहिल्यांदाच मला पोटात हात घातलेला आवडला. पेन्सिलची अक्षरं पुसट झाली होती, पण शिक्का शाबूत होता. बाईंनी शेवटचे दोन शब्द मोठ्याने वाचले. "माप पोरीचं."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्हा दोघांना छातीशी धरून बाई दुकानाच्या काचेच्या दारात उभ्या होत्या. मुलीने यंत्रावरून मान वर केली. तिने आधी आम्हाला ओळखलं, मग त्यांना.

"बूट शिवायचेत का? बसा स्टुलावर. माप बाबा घेतील."

"मी..." बाई म्हणाल्या.

"ओळखलं. फोटो असतो ना मागच्या पानावर." तिने खण उघडून ते पत्र काढलं आणि बाईंच्या हातात दिलं. "वाचा. मोठ्याने."

बाई वाचू लागल्या. 'सदोष' या शब्दापाशी त्यांनी कागद खाली केला.

"पुढे वाचा," मुलगी म्हणाली. "सही राहिली."

"सही माझी आहे, पण शिक्का आहे हा. हे पत्र मी आज पहिल्यांदा बघतेय."

"शिक्का त्यांना कुणी दिला?"

"मीच. सह्या करून करून हात दुखायचा."

"आमच्या बाबांचा हात दुखत नाही? ते शिक्क्याने टाके घालतात का? मग पत्र तुमचंच आहे."

"अगं, घरी आलेल्या माणसाशी..." वडील मधे पडले.

"तुम्ही थांबा बाबा."

लेखिकाबाईंनी पत्राची घडी घातली. "बरोबर आहे तुझं," त्या म्हणाल्या. "पत्र माझंच आहे. माझी चूक आहे."

खरं सांगतो, मला वाटलं होतं की अशा वेळी मला आनंदाच्या उकळ्या फुटतील. तसं झालं नाही. दोन्ही बाजूंना डोळे भरलेले असले की बुटालासुद्धा कुठे बघावं कळत नाही.

मुलीने नाक पुसलं. "बक्षिसात एक तास होता ना? मग बसा. मला विचारायचंय. टपालवाल्याला नीट बूट का नाही दिलात?"

"त्याच्या पावलांचा आवाज नसता," बाई हळूच म्हणाल्या, "तर तो आलाय हे लोकांना कळलं कसं असतं?"

"हाक मारली असती त्याने! तोंड आहे की त्याला!"

वडील मला मांडीवर घेऊन, खाली मान घालून माझ्या नाकावरचे ओरखडे घासू लागले, आणि त्यांचे खांदे हसण्याने हलत होते.

मग मुलीने पायांतले बूट काढले आणि आम्हाला दोघांना चढवलं. दोन वर्षांनी माझ्यात पाय शिरला, आणि तोही माझ्या मापाचा. "डोळे मिटा," ती बाईंना म्हणाली. "डावा पडला की सांगा." ती दारापासून यंत्रापर्यंत गेली, परत आली, पुन्हा गेली. बाई म्हणाल्या, "आत्ता." चुकलं. पुन्हा म्हणाल्या, "आत्ता." तेही चुकलं. तिसऱ्या वेळी त्यांनी हात जोडले आणि डोळे उघडले.

"ती सही खोडा," मुलगी म्हणाली, "आणि हाताने करा. कागदावर नको. कागद फाटतो."

तिने मला पायातून काढलं आणि वडिलांनी पेन्सिल पुढे केली. लेखिकाबाईंनी माझा सुखतळा उचलला आणि मापाच्या खाली लिहिलं: 'डावा कधी पडला ते मला ओळखता आलं नाही. बूट बिनचूक आहे.' खाली सही केली, स्वतःच्या हाताने, जरा वाकडीच.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. कुणाच्या हातचं काम तुमच्यापुढे आलं तर पट्टी काढायच्या आधी ते कुणाच्या पायाचं आहे ते विचारा. आणि आपली सही दुसऱ्याच्या खिशात ठेवू नका. साहेबांवरचा माझा राग अजून गेलेला नाही, आणि जाऊ द्यायची माझी इच्छाही नाही. पण पुस्तक आता फडताळात सरळ तोंडाने उभं आहे. झग्यांच्या कडा पुन्हा चार बोटं वर गेल्या आहेत. मी रोज सकाळी त्या पोरीच्या पायात दुकानापर्यंत चालत येतो, आणि दारात पोचली की ती वडिलांना हाक मारते, कारण आमच्या पावलांवरून ती आल्याचं त्यांना कळत नाही.